श्रीमंत जिल्ह्यातली वाडी: सरासरीत न दिसलेल्या कातकरी वस्तीचे प्रकरण

पार्श्वभूमी

नंदुरबारची गरिबी शोधावी लागत नाही. २०११ च्या जनगणनेनुसार या जिल्ह्यात शंभरातले ६९ लोक अनुसूचित जमातीचे आहेत. नीती आयोगाचा पहिला बहुआयामी दारिद्र्य निर्देशांक २०२१ साली आला तेव्हा राज्यात सुमारे १५ टक्के लोक गरीब धरले गेले होते आणि नंदुरबारमध्ये ५२ टक्के. जिल्हा कोणत्याही यादीत टाका, तळाशीच दिसतो. म्हणूनच जानेवारी २०१८ च्या आकांक्षित जिल्ह्यांच्या यादीत महाराष्ट्रातून गडचिरोली, वाशिम आणि उस्मानाबादसोबत नंदुरबारही होता. तिथे प्रदेश आणि समाज एकाच नकाशावर बसतात. भिल्ल-पावरांची गरिबी हीच जिल्ह्याची गरिबी.

रायगडमध्ये तसे होत नाही. शेजारी मुंबई, जिल्ह्यात न्हावा-शेवाचे बंदर, पनवेलची वाढ, रोहा-महाडचे कारखाने. अनुसूचित जमातींचा वाटा सुमारे ११.६ टक्के, तोही डोंगरांच्या पायथ्याशी विखुरलेला. जिल्ह्याचा कोणताही भाग पाचव्या अनुसूचीतल्या क्षेत्रात येत नाही, त्यामुळे अशा क्षेत्रातल्या ग्रामसभांना विशेष अधिकार देणारा पेसा कायदाही लागू नाही. ठाकूर, महादेव कोळी आणि कातकरी असे मुख्य आदिवासी समाज इथे राहतात. त्यांपैकी कातकरी हे कोलाम आणि माडिया गोंड यांच्यासह महाराष्ट्रातल्या तीन आदिम, म्हणजे विशेष असुरक्षित, गटांपैकी एक.

प्रकरण याच जिल्ह्यातल्या एका तालुक्याचे, आदिम गटांसाठीचे केंद्राचे जनमन अभियान २०२३ साली सुरू होण्याआधीचे आहे. तालुक्याचे, गावाचे आणि माणसांचे नाव दिलेले नाही. तालुक्यासाठी गरिबी निर्मूलनाचा आराखडा करायचा होता. त्यासाठीच्या गटात पंचायत समितीचे कर्मचारी, दोन ग्रामसेवक, अंगणवाडी पर्यवेक्षिका आणि वाड्यांवर काम करणारे काही कार्यकर्ते होते.

प्रश्न कुठे अडला

पहिल्या मसुद्यात गावनिहाय गुण दिले होते. पक्की घरे, नळ, शौचालय, बँक खाते, दहावी झालेल्यांचे प्रमाण असे निकष. शिवाय, अनुसूचित जमातीची लोकसंख्या निम्म्याहून जास्त असलेल्या गावांना जादा प्राधान्य. यादी तयार झाली तेव्हा त्यात ठाकूरबहुल अशी काही डोंगरी गावे आली, पण कातकऱ्यांची एकही वाडी आली नाही.

कारण साधे आहे. कातकरी वाडी बहुधा स्वतंत्र महसुली गाव नसते. पन्नास-साठ कुडाची घरे, मुख्य गावापासून दीड-दोन किलोमीटरवर, ओढ्याच्या किंवा डोंगराच्या कडेला. कागदावर ती कुणबी, आगरी किंवा मराठा वस्तीच्या मोठ्या गावाचाच भाग. गावात काँक्रीटचा रस्ता, नळ, हायस्कूल. सरासरी काढली की वाडी गावात विरघळते, आणि गावाला चांगले गुण मिळाल्यामुळे वाडीचाही प्रश्न सुटल्यासारखा दिसतो.

हेच गणित जिल्ह्याच्या पातळीवर कसे चालते ते एका कल्पित उदाहरणावरून पाहू. समजा एक समाज लोकसंख्येच्या ५ टक्के आहे आणि त्यातले ८० टक्के गरीब आहेत. उरलेल्या ९५ टक्क्यांत गरिबांचे प्रमाण ६ टक्के. पहिल्या गटाकडून ४ अंश, दुसऱ्याकडून ५.७ अंश, मिळून जिल्हा ९.७ टक्के गरीब. म्हणजे अहवालात जिल्हा ठीकच. पण त्या जिल्ह्यातल्या गरिबांपैकी ४१ टक्के लोक ५ टक्क्यांच्या समाजातून आलेले असतात. नमुना पाहणीत ही अडचण आणखी वाढते. जिल्ह्यातून ९०० घरे निवडली तर या समाजाची जेमतेम ४५ यायला हवीत, आणि पाहणी वस्त्यांचे समूह निवडून होत असल्यामुळे ती दहाही येतील किंवा शंभरही. एवढ्या घरांवरून कोणत्याही समाजाचा जिल्हानिहाय आकडा छापता येत नाही. म्हणून छापला जातो तो ‘अनुसूचित जमाती’ हा एकच रकाना.

देशपातळीवर तो रकानाही पुरेसा अस्वस्थ करणारा आहे. २०२१ च्या जागतिक बहुआयामी दारिद्र्य अहवालानुसार भारतात अनुसूचित जमातींतले निम्म्याहून अधिक लोक गरीब होते, १२.९ कोटींपैकी ६.५ कोटी. अनुसूचित जातींत हे प्रमाण ३३.३ टक्के, इतर मागासवर्गांत २७.२ टक्के. पण जमीन कसणारा महादेव कोळी आणि दुसऱ्याच्या जमिनीवर झोपडी घालून राहणारा कातकरी या रकान्यात शेजारी बसतात.

दुसरा अडथळा मोजमापाचाच होता. नीती आयोगाच्या निर्देशांकात १२ निकष आहेत. आरोग्य, शिक्षण आणि राहणीमान या तिघांना प्रत्येकी एक तृतीयांश भार. शिक्षणातले दोन निकष प्रत्येकी १/६ चे, राहणीमानातले सात प्रत्येकी १/२१ चे. एकूण वंचिततेचा भार एक तृतीयांश किंवा जास्त झाला की कुटुंब गरीब. आता असे घर घ्या जिथे दहा वर्षांवरच्या एकानेही सहा वर्षे शाळा पूर्ण केलेली नाही, आणि इंधन, शौचालय, वीज, बँक खाते, घर, वस्तू या सहा बाबतींत कमतरता आहे. भार होतो ०.४५. पुढे त्या घराला विजेचा मीटर, शौचालय आणि खाते मिळाले, तर भार ०.३१ वर येतो आणि ते घर गरिबीतून ‘बाहेर’ पडते. झोपडी तीच, जमीन नाहीच, आणि वीटभट्टीवाल्याची उचल, म्हणजे कामाआधी घेतलेले पैसे, अंगावर तशीच. निर्देशांक जमिनीबद्दल किंवा उचलीबद्दल विचारतच नाही. तीन सोयी मिळाल्या ही खरी प्रगती आहे, तिला कमी लेखायचे कारण नाही. पण या समाजाची गरिबी ज्या दोन खुंट्यांना बांधलेली आहे त्यांना या मोजमापाने हात लागत नाही.

पर्याय

पहिला पर्याय होता अनुसूचित जमातीच्या प्रमाणाची अट निम्म्यावरून खाली, २० किंवा १५ टक्क्यांवर आणायची. सोपा, संगणकावर दहा मिनिटांत होणारा. पण निधी तरीही गावाकडे जाणार होता, आणि गावातला निधी वाडीपर्यंत पोहोचत नाही हा तर मूळ प्रश्न. पाण्याची टाकी गावात बांधली जाते आणि जलवाहिनी वाडीच्या अलीकडे थांबते, हे ग्रामसेवकांनी स्वतःच सांगितले. हा पर्याय सोडून दिला.

दुसरा, फक्त कातकरी कुटुंबांची यादी करून थेट कुटुंबाला लाभ द्यायचा. याला आधार भक्कम होता. सर्वोच्च न्यायालयाने २ मे २००३ च्या आदेशात आदिम जमातींच्या कुटुंबांना अंत्योदय शिधापत्रिका द्यायला सांगितले होते. २०११ च्या सामाजिक-आर्थिक व जातनिहाय गणनेतही ही कुटुंबे आपोआप समाविष्ट होणाऱ्या पाच प्रकारांपैकी एक होती. मात्र रस्ता, पाणी, अंगणवाडी या गोष्टी कुटुंबाला देता येत नाहीत, त्या वस्तीलाच द्याव्या लागतात.

तिसरा, वाडी हेच एकक धरायचे. समाज कोणताही असो, मुख्य गावठाणापासून वेगळी असलेली प्रत्येक वस्ती स्वतंत्र मोजायची, आणि तिच्या आत कुटुंबांची यादी करायची. काम तिप्पट. गटातल्या काहींचा आक्षेप योग्य होता: महसुली नोंदीत नसलेल्या वस्तीच्या नावे अंदाजपत्रक कसे करणार?

शेवटी तिसरा पर्याय निवडला. वस्तीला स्वतंत्र क्रमांक न देता ‘गावाचे नाव / वाडीचे नाव’ असा जोडक्रमांक दिला, म्हणजे खर्च गावाच्या शीर्षाखालीच पडेल पण काम कुठे झाले ते दिसेल. ही छोटी युक्ती निघाली नसती तर पर्याय कागदावरच राहिला असता.

काय केले

कधी मोजायचे, हा सगळ्यात महत्त्वाचा निर्णय ठरला. मसुद्यासाठीची पाहणी जानेवारीत झाली होती. दिवाळीनंतर कातकरी वीटभट्ट्यांवर आणि कोळसा भट्ट्यांवर जातात, पावसाच्या तोंडावर परततात. जानेवारीत वाडीत म्हातारी माणसे आणि काट्या लावून बंद केलेली दारे होती, म्हणून पाहणीत बहुतेक घरांपुढे ‘घर बंद’ अशी नोंद पडली. हे आजचे नाही. २००२ ची दारिद्र्यरेषेची पाहणी १३ प्रश्नांवर, प्रत्येकी ० ते ४ असे ५२ पैकी गुण देणारी होती, आणि घरात माणूसच नसेल तर सर्वांत गरीब कुटुंबालाही गुण मिळत नव्हते आणि यादीत नावही येत नव्हते. २०११ ची जनगणनाही फेब्रुवारीत झाली.

गटाने पाहणी श्रावणात ठेवली. लावणी उरकलेली असते, माणसे घरी असतात. वेळ संध्याकाळची, कारण दिवसा लोक मजुरीला, खेकडे-मासे धरायला किंवा रानभाज्या काढायला बाहेर असतात.

प्रश्नावली दहा प्रश्नांची केली. उत्पन्न विचारले नाही. रोजंदारी, खर्ची (भट्टीवर आठवड्याला मिळणारे खर्चाचे पैसे), धान्य आणि रानातले असे मिळून जगणाऱ्या घराला वर्षाचे उत्पन्न विचारले की उत्तर अंदाजाने येते आणि विचारणाराच ते लिहितो. त्याऐवजी असे प्रश्न ठेवले:

– गेल्या हंगामात भट्टीवर कोण कोण गेले, किती महिने?
– हंगाम संपताना हिशेब फिटला की पैसे अंगावर राहिले?
– झोपडीखालची जमीन कोणाची? गावठाण, वनखाते, खासगी मालक?
– अंत्योदय, प्राधान्य कुटुंब की शिधापत्रिकाच नाही? लग्न झालेल्या मुलांची पत्रिका वेगळी आहे का?
– घरातल्या कोणाकडे जातीचा दाखला आहे? त्यावर जमातीचे नाव कसे लिहिले आहे?
– सहा वर्षांखालच्या प्रत्येक मुलाचा जन्म कुठे झाला आणि नोंद कुठे आहे?

उचलीच्या प्रश्नाने सगळे चित्र उलगडले. भट्टीवर नवरा-बायकोची जोडी एक मजूर धरली जाते आणि मजुरी हजार विटांच्या दराने ठरते. गणपती-दसऱ्याच्या सुमारास, हातात काम नसताना, मालक किंवा मुकादम उचल देतो. हंगामात दर आठवड्याला खर्ची मिळते. शेवटी एकूण विटांच्या मजुरीतून उचल आणि खर्ची वजा होते. पाऊस लवकर आला, विटा भिजल्या, कोणी आजारी पडले, की हिशेब उणे जातो आणि पुढच्या वर्षी त्याच भट्टीवर जावे लागते. रोजगार हमीचे काम या वेळी का चालत नाही याचे उत्तर इथेच आहे. हमीची मजुरी काम झाल्यावर, कायद्याने १५ दिवसांत आणि प्रत्यक्षात अनेकदा त्याहून उशिरा मिळते. भट्टीवाला कामाच्या आधी पैसे देतो, तेही घरात धान्य संपलेले असताना.

यादी हातात आल्यावर कागदांचा क्रम ठरवावा लागला. प्रत्येक कागद दुसऱ्या कागदावर उभा आहे, त्यामुळे चुकीच्या टोकाने सुरुवात केली की फेऱ्या वाया जातात. भट्टीवर जन्मलेल्या मुलाची नोंद जन्माच्या ठिकाणी होते, म्हणजे बऱ्याचदा दुसऱ्या तालुक्यात. ती २१ दिवसांत व्हायला हवी. वर्ष उलटले की दंडाधिकाऱ्यांच्या आदेशाशिवाय होत नाही. नोंद नाही म्हणून आधार नाही, आधार नाही म्हणून शिधापत्रिकेत नाव नाही.

जातीच्या दाखल्याची अडचण निराळी. अनुसूचित जमातीसाठी ६ सप्टेंबर १९५० च्या आधीचा पुरावा मागितला जातो. ज्या घरात आजोबा-पणजोबा शाळेतच गेले नाहीत तिथे शाळेचा दाखला कुठून येणार? काही ठिकाणी गाव नमुना १४ म्हणजे कोतवाल बुकात जुनी जन्म-मृत्यू नोंद सापडली, पण तिथे ‘कातोडी’, ‘काथोडी’, ‘कातकरी’ असे लिहिणाऱ्याच्या हाताप्रमाणे नाव. राज्याच्या अनुसूचित जमातींच्या यादीत काथोडी आणि कातकरी एकाच नोंदीत आहेत, त्यामुळे कायद्याने अडचण नव्हती. तरीही सेतू केंद्रात अर्ज ‘नाव जुळत नाही’ म्हणून परत येत होते. गटाने यादीतल्या त्या नोंदीची प्रत प्रत्येक अर्जाला जोडली आणि ज्यांच्याकडे काहीच नाही त्यांच्यासाठी प्रांत कार्यालयाकडून स्थानिक चौकशी मागितली. चौकशीचा दिवस वाडीतच, पावसाळ्यातच ठेवला.

अंत्योदयाला वेगळाच अडसर होता: इष्टांक. प्रत्येक तालुक्याची अंत्योदय पत्रिकांची संख्या ठरलेली असते आणि ती भरलेली होती. वडिलांची पत्रिका अंत्योदय, महिना ३५ किलो धान्य. मुलगा लग्न करून वेगळा राहिला की त्याला नवी अंत्योदय मिळत नाही. फार तर प्राधान्य कुटुंब, म्हणजे माणशी ५ किलो, किंवा काहीच नाही. ‘आदेश आहे’ असे सांगून पुरवठा शाखेत जागा तयार होत नाही. म्हणून ग्रामसेवकांनी मयत आणि कायमचे गाव सोडून गेलेल्या अंत्योदयधारकांच्या नावांची छाननी केली, ग्रामसभेचे ठराव घेतले, आणि रिकाम्या झालेल्या जागांवर आदिम जमातीची कुटुंबे आधी घ्यावीत असा प्रस्ताव तहसीलदारांकडे गेला. काम कंटाळवाणे, पण या साऱ्या प्रकरणात सर्वांत लवकर फळ याच कामाला आले.

मग तिसरा निर्णय: आधी कोण? ठाकूर समाजाच्या प्रतिनिधींनी सरळ विचारले, आम्हीही आदिवासीच, आमच्याही घरांना गळती आहे, मग कातकरी आधी का? प्रश्न रास्त होता. गटाने जमातीचे नाव पुढे करण्याऐवजी तीन अटी जाहीर केल्या: झोपडीखालची जमीन स्वतःची नाही, हंगामी स्थलांतर सहा महिन्यांहून जास्त, आणि घरात एकाकडेही जातीचा दाखला नाही. तीनही लागू असतील ते घर आधी. यादीत बहुतांश कातकरी घरे आली, काही ठाकूर घरेही आली, आणि वाद निवळला. निव्वळ जमातीच्या नावावर यादी केली असती तर ती ठाकूर घरे सुटली असती, आणि दोन समाजांत कटुता आली असती ती वेगळीच.

निष्पत्ती

शिधापत्रिका पहिल्या पावसाळ्यानंतर मिळू लागल्या. जातीच्या दाखल्यांना दोन पावसाळे लागले, कारण मधल्या भट्टीच्या हंगामात अर्जदारच उपलब्ध नव्हते. अंगणवाडीच्या पटावरची मुले आणि वाडीतली मुले यांचा मेळ प्रथमच बसला. भट्टीवर जाणाऱ्या मुलांची यादी आधीच तिकडच्या अंगणवाडीला कळवायची पद्धत सुरू झाली. ती नेमाने चालते ती दोन्हीकडच्या सेविकांचा फोनवर संबंध राहिला तर, नाहीतर तुटते.

घरकुलांचे काम जमिनीपाशी अडकले. बहुतेक झोपड्या खासगी सातबाऱ्यावर होत्या. वडिलांच्या काळात शेतावर राबायला माणसे हवीत म्हणून मालकांनी त्यांना तिथे बसू दिले होते. आता मुंबईजवळच्या जमिनीला भाव आला आहे आणि वारसांना झोपड्या नको आहेत. पक्के घर झाले तर ताबा सिद्ध होईल, या भीतीने मालक विजेच्या खांबालाही लेखी संमती देत नाहीत. प्रदेशाची श्रीमंती इथे थेट वाडीच्या मुळावर येते. नंदुरबारच्या सातपुड्यात धडगावच्या पाड्यावर जमीन खडकाळ असेल, पण तिला गिऱ्हाईक नसते.

१५ नोव्हेंबर २०२३ रोजी देशातल्या ७५ आदिम गटांसाठी जनमन अभियान सुरू झाले. त्यात घरासाठी २.३९ लाख रुपये ठरले, जेव्हा सर्वसाधारण ग्रामीण घरकुलाला सपाट भागात १.२० लाख मिळत होते. वाडीची यादी तयार असल्यामुळे या तालुक्यात कुटुंबे शोधावी लागली नाहीत. पण अनुदान दुप्पट झाले तरी पायाखालची जागा त्यातून येत नाही. वनजमिनीवरच्या मोजक्या घरांना वनहक्क कायद्याखाली दावा करता आला, तिथे १३ डिसेंबर २००५ आधीचा ताबा दाखवावा लागतो. खासगी जमिनीवरच्यांसाठी तो रस्ता नाही.

काय वेगळे करता आले असते

जमिनीचा प्रश्न पहिल्याच महिन्यात हाती घ्यायला हवा होता. तो सर्वांत अवघड म्हणून शेवटी ठेवला, आणि घरकुलाचा निधी आला तेव्हा जागेची फाइल उघडलेलीही नव्हती. महाराष्ट्र जमीन महसूल संहितेच्या कलम १२२ खाली जिल्हाधिकाऱ्यांना गावठाणाची हद्द ठरवता येते. जवळपास सरकारी जमीन आहे का, तिची मोजणी झाली आहे का, वाट आहे का, एवढे तलाठ्याकडून काढून ठेवले असते तरी दोन वर्षे वाचली असती. मालकांशी बोलणीही जमिनीचे भाव कमी असताना सोपी होती.

दुसरी चूक उचलीबाबत. माहिती गोळा झाली, तिच्यावर उपाय झाला नाही. उचल भाद्रपद-आश्विनात घेतली जाते, म्हणजे मदतही त्याच दोन महिन्यांत पोहोचायला हवी: हमीची कामे तेव्हाच उघडणे, मजुरी आठवड्याला देणे, बचतगटाकडून धान्यापुरते कर्ज. गटाने कामे नोव्हेंबरात मंजूर करून घेतली. तोवर जोड्या ठरल्या होत्या.

तिसरी बाब, पाहणी करणाऱ्यांत वाडीतले कोणी नव्हते. भट्टीचा हिशेब पुरुषांनी एक सांगितला आणि बायकांनी दुसरा. खर्ची कशावर संपते आणि किती पैसे अंगावर राहिले हे बायकांना अधिक नेमके ठाऊक होते. पण त्यांच्याशी वेगळे बोलायचे हे निम्मी वाडी संपल्यावर सुचले. आधीची घरे पुन्हा विचारायची राहून गेली, आणि त्या घरांच्या रकान्यात ‘हिशेब फिटला’ असेच लिहिलेले आहे.